बैलाचाही रविवार

आमच्या लहानपणी रविवार कानांनी कळत असे. वसईच्या वाड्यांतून तेव्हा पहाटेपासून रहाट फिरत. लाकडाची एकसुरी कुरकुर, गाडग्यांतून पन्हळीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज, मधूनच बैलाला दिलेली हाक. सोमवार ते शनिवार हे सारे इतके अंगवळणी पडलेले असे की ते ऐकूच येत नसे. रविवारी मात्र जाग यायची ती हा आवाज नसल्यामुळे. अंथरुणात पडल्या पडल्या मी ओळखायचो, आज चर्चला जायचे आहे.

रहाटाचा बैल त्या दिवशी चिंचेखाली बांधलेला असे. आठवडाभर डोळ्यांवर झापड घेऊन एकाच वर्तुळात फिरणारा तो प्राणी रविवारी उघड्या डोळ्यांनी रवंथ करीत उभा राही. वडील मिस्साहून परतले की कपडे बदलण्याआधी त्याच्यापाशी जात, मानेवर पडलेला घट्टा हाताने चोळत आणि काही न बोलता घरात येत. केळीला आणि भाजीला एक दिवस पाणी मिळणार नाही म्हणून शनिवारी दिवेलागण उलटून जाईपर्यंत रहाट चालू असे. म्हणजे रविवारची विश्रांती शनिवारी दुप्पट घाम गाळून मिळवावी लागे. मला तेव्हा वाटे, यात कसली आली विश्रांती? एका दिवसाचे काम दुसऱ्या दिवसावर ढकलले, एवढेच.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही दहा आज्ञा घोकल्या होत्या. प्रभूचा दिवस पवित्र पाळण्याची आज्ञा आमच्या कॅथलिक क्रमाने तिसरी, प्रॉटेस्टंट बंधूंच्या क्रमाने चौथी. पण आम्हांला शिकवली जाई ती एका ओळीची आज्ञा. मूळ बायबलमध्ये ती चांगली लांबलचक आहे, हे मला फार उशिरा कळले. आणि लांबलचक का, तर कामातून कोणाकोणाला सोडायचे याची तिच्यात यादी आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. अनुवादाच्या पुस्तकात हीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा बैल आणि गाढव यांचा तर नाव घेऊन उल्लेख होतो. दहा आज्ञा लिहिणाऱ्याला बैलाची आठवण राहावी, हे वाचून मला आमचा चिंचेखालचा बैल आठवला.

या दोन ठिकाणी आज्ञेची कारणे मात्र वेगवेगळी दिली आहेत, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. निर्गमाच्या पुस्तकात कारण आहे ते सृष्टीचे. देवाने सहा दिवसांत जग घडवले आणि सातव्या दिवशी तो थांबला, म्हणून तूही थांब. अनुवादात कारण आहे ते गुलामगिरीचे. तू मिसर देशात गुलाम होतास, तुला तिथून सोडवून आणले आहे, हे ध्यानात ठेव आणि म्हणून तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. मिसरात हे लोक काय करीत होते? विटा पाडीत होते. दिवसाच्या विटांचा आकडा ठरलेला. पुढे पेंढासुद्धा त्यांचा त्यांनी गोळा करायचा, पण आकडा तोच. ज्या लोकांना सुटी म्हणजे काय हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक नव्हते त्यांना मुक्तीनंतर मिळालेल्या कायद्यात आठवड्याची सुटी असावी, हा काही योगायोग नव्हे. थांबता येणे ही स्वतंत्र माणसाची खूण आहे. गुलामाला थांबता येत नाही.

आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राजाज्ञेने प्रथम जाहीर झाला तो रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, इसवी सन ३२१मध्ये. त्या फर्मानात न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांनी काम बंद ठेवावे असे म्हटले होते. शेतकऱ्यांना मात्र सूट होती, कारण पेरणीची आणि वेलींची वेळ हुकली तर ती पुन्हा येत नाही. म्हणजे सम्राटाने आमच्या वडिलांना सोळाशे वर्षांपूर्वीच माफी देऊन ठेवली होती. त्यांनी ती घेतली नव्हती, एवढेच.

१९६८ साली आमच्या विहिरीवर विजेचा पंप बसला. सगळ्या आळीत तो दुसरा की तिसरा असावा. बैल विकला गेला, रहाट मोडून त्याचे लाकूड सरपणाला गेले. पहिल्याच रविवारी शेजारचे काका कुतूहलाने पाहायला आले, तर पंप बंद. ते हसून म्हणाले, ''अरे, आता तर बैल नाही. मशीनला कसला आलाय रविवार?'' वडिलांनी विडी पेटवली आणि म्हणाले, ''मशीनला नाही, मला आहे.''

ते हट्टी होते असे आम्हा मुलांचे मत झाले. बटण दाबायला असे कितीसे कष्ट पडतात? पण आज वाटते, त्यांना पंपाचा धोका आमच्याआधी कळला होता. बैल थकतो. तो थकला की मालकालाही थांबावे लागते. त्याच्या थकण्यात मालकाची सोय होती. पंप थकत नाही, आणि जे थकत नाही त्याच्या मागे धावणाऱ्या माणसाला थांबण्याचे कारण स्वतःच शोधावे लागते.

मी वाडीत राहिलो नाही. बी.कॉम. झालो आणि १९८०मध्ये अंधेरीतल्या एका खाजगी कंपनीच्या हिशेब खात्यात चिकटलो. पहिली दोन-तीन वर्षे रविवार शाबूत होते. मग ऑडिटच्या दिवसांत एखादा रविवार जाऊ लागला, मग मार्च महिन्यातले सगळे, आणि बढती मिळाल्यावर बहुतेक सगळेच. पहाटेच्या मिस्साला जायचे, तिथूनच स्टेशन गाठायचे, रिकाम्या लोकलमध्ये खिडकी मिळाली याचा आनंद मानायचा. कंपनीने कधी जबरदस्ती केली, असे मी म्हणणार नाही. साहेब फक्त सोमवारी सकाळी विचारीत, ''ते काम झालं ना?'' आणि 'झालं' म्हणताना मला जे सुख होई त्याची चटक लागली होती. माझ्यावाचून खात्याचे पान हलत नाही, ही भावना दारूसारखी असते. फरक इतकाच की या व्यसनाबद्दल घरचे रडत नाहीत, उलट पाहुण्यांना कौतुकाने सांगतात.

शिवाय आपल्याकडे कामाला देवघरात बसवलेले आहे. सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला, हे आम्ही ख्रिस्ती मुलेही शाळेत शिकलो. आणि ख्रिस्ती परंपरेतही श्रमाचे माहात्म्य काही कमी नाही. येशूने वयाची बरीच वर्षे सुताराच्या घरात काढली. तेव्हा काम हीच माझी प्रार्थना असे म्हणायला मी मोकळा होतो, आणि म्हणतही असे. एकदा वडिलांसमोर म्हणालो. ते म्हणाले, ''असेल. पण प्रार्थना संपल्यावर माणूस आमेन म्हणतो. तू कधी म्हणतोस?''

१९९४च्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. सहा आठवडे अंथरुणात. पहिले आठ दिवस मी तापात खात्याचेच विचार करीत होतो. अमुक बिले कोण पाहील, तमुक पार्टीला कोण हाताळील. निरोप पाठवले, चिठ्ठ्या पाठवल्या. उत्तर येई, 'काळजी करू नका, विश्रांती घ्या.' सातव्या आठवड्यात कामावर गेलो तर सगळे सुरळीत चाललेले. जे खाते माझ्याखेरीज कोणाला उलगडत नाही अशी माझी ख्याती होती ते हाताखालच्या एका पोराने उलगडलेच होते, आणि त्यात माझी एक जुनी चूकही शोधली होती. फार नम्रपणे त्याने ती दाखवली.

खरे तर मला हायसे वाटायला हवे होते. वाटला तो अपमान. परतीच्या गाडीत मी या अपमानाकडे जरा निरखून पाहिले, तेव्हा लक्षात आले की दर रविवारी चर्चमध्ये 'सर्वसमर्थ पित्यावर विश्वास' जाहीर करणारा मी, जग माझ्याच खांद्यावर उभे आहे असे धरून चाललो होतो. ओठांवरची श्रद्धा एक आणि वेळापत्रकातली श्रद्धा दुसरीच.

त्यानंतर मी बायबल जरा वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. आणि जिथे तिथे मला झोपलेली, थकलेली, थांबलेली माणसे दिसू लागली. एलिया हा संदेष्टा जिवाला कंटाळून रानात एका झुडुपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. गालिलच्या सरोवरात वादळ उठते, नावेत पाणी भरू लागते, शिष्यांची बोबडी वळते आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून गाढ झोपलेला असतो. शिष्य गावोगाव फिरून परत येतात, लोकांच्या गर्दीत जेवायलाही सवड नसते, तेव्हा तो त्यांना एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या असे सांगतो. कामे संपल्यावर, असे तो म्हणत नाही. लोक तर अजून येतच होते.

पण मला सर्वांत खिळवून ठेवले ते रानातल्या मान्नाच्या गोष्टीने. मिसरातून सुटलेले लोक भुकेले होते. रोज सकाळी जमिनीवर मान्ना पडे. त्या दिवसापुरता गोळा करायचा. कोणी उद्यासाठी लपवून ठेवला तर त्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळे आणि तो दुसऱ्या दिवशीही टिके, कारण सातव्या दिवशी रानात काही पडायचे नव्हते. तरीही काही जण सातव्या दिवशी टोपली घेऊन गेलेच. त्यांना काही मिळाले नाही. ही गोष्ट वाचताना मला आमच्या वाडीतला शनिवार आठवला. दिवेलागणीनंतरही फिरणारा रहाट. वडील काम पुढे ढकलीत नव्हते. 'आज दुप्पट दिले, उद्या आपण काही केले नाही तरी केळी मरणार नाहीत' असा तो दर आठवड्याचा एक प्रयोग होता. आणि टोपली घेऊन सातव्या दिवशी निघालेला माणूस मी होतो, सकाळच्या रिकाम्या लोकलने.

१९९५मध्ये वडिलांनी अंथरूण धरले. मी साहेबांना सांगितले, रविवारी येणार नाही. त्यांनी 'बरं' म्हटले. इतकेच. पंधरा वर्षे जे दार आतून कुलूपबंद आहे असे मी समजत होतो, त्याला नुसती कडी होती, आणि तीही माझ्याच बाजूला.

विश्रांती सोपी असते असे ज्यांना वाटते त्यांनी ती घेऊन पाहावी. पहिले काही रविवार मी वडिलांच्या खाटेशेजारी बसून कंपनीची कागदपत्रे चाळीत असे. कागद नसले की हात शिवशिवत. मग मी त्यांची औषधे नीट लावी, खिडकीची बिजागरी दुरुस्त करी, गडव्यात पाणी आहे की नाही ते तीनदा पाही. ते एकदा म्हणाले, ''बस ना जरा. काही करू नकोस.'' मी बसलो. दहा मिनिटांत मला कसलीतरी भीती वाटू लागली. कशाची, ते सांगता येत नव्हते. काम हे त्या भीतीवरचे झाकण होते, एवढे कळले. जवळजवळ वर्षभर मी दर रविवारी त्यांच्याजवळ बसलो. बोलणे थोडेच झाले. १९९६च्या जूनमध्ये ते गेले. ते वर्ष मी कंपनीला दिले असते तर ते कोणत्या तरी ताळेबंदात जिरून गेले असते.

आता इथे कोणी म्हणेल, हे सारे तुमच्या धर्माचे. वास्तविक आठवड्यातून एक दिवस थांबण्याची कल्पना महाराष्ट्राच्या मातीला ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होती. कुलाब्याच्या किनाऱ्यावर बेने इस्राएली लोक शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत. मूळ हिब्रू भाषा ते विसरले, धर्मग्रंथ हरवले, मराठी ही त्यांची घरची बोली झाली. पण शनिवारी घाणा थांबवायचा हे ते विसरले नाहीत. गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. भाषा गेली, ग्रंथ गेले आणि उरली ती सुटी. आणि तिच्यावरूनच पुढे त्यांना त्यांची ओळख पुन्हा सापडली. शनिवारी त्यांच्या घाण्याचा बैलही उभाच राहत असणार. आपल्या शेतकऱ्यांतही अवसेला औत न धरण्याची रीत आहे, पोळ्याला तर बैलाच्या मानेवर जू ठेवीतच नाहीत.

आज आपण ज्याला हक्काचा रविवार म्हणतो तो मुंबईच्या कामगारांना कोणा पाद्र्याने मिळवून दिलेला नाही. तो मिळवला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक अनुयायी, 'दीनबंधु'चे संपादक. गिरण्यांत तेव्हा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याच्या सुटीची शाश्वती नसे. १८८४मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवून जे मागणीपत्र तयार केले त्यात रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या होत्या. त्यावर हजारो कामगारांनी सह्या केल्या. मालकांनी दाद दिली नाही. १८९०च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यात दोन बायकांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असेही कारण लोखंड्यांनी मांडल्याचे सांगितले जाते. मला हे फार आवडते. साहेबाच्या चर्चचा वार आणि जेजुरीच्या खंडोबाचा वार एकच निघाला, आणि त्या फटीतून कामगाराला श्वास मिळाला. पुढच्याच वर्षी, १८९१मध्ये, तिकडे रोममध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले, त्यात रविवारच्या विश्रांतीचा आग्रह आहे. मुंबईतली सभा त्यांच्या एक वर्ष आधीची, हे आम्ही ख्रिस्ती लोकांनी विसरू नये.

उलट हा सात दिवसांचा आठवडा मोडून पाहणारेही झाले. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३मध्ये दहा दिवसांचा आठवडा काढला. दहा दिवसांतून एक सुटी कोणाला रुचणार? नेपोलियनच्या काळात तो गुंडाळला गेला. सोव्हिएत रशियात १९२९पासून यंत्रे अखंड चालावीत म्हणून कामगारांच्या पाच तुकड्या पाडल्या. प्रत्येक तुकडीची सुटी वेगळ्या दिवशी. सुटी तशी आधीपेक्षा जास्त वेळा मिळू लागली, पण नवऱ्याची एका दिवशी, बायकोची दुसऱ्या दिवशी. लोक कंटाळले. १९४०मध्ये रविवार परत आणावा लागला. एकट्याने थांबणे आणि सर्वांनी मिळून थांबणे यांतला फरक त्या अकरा वर्षांत रशियाने अनुभवला. आणि २०२५च्या जानेवारीत आपल्याच देशातल्या एका बड्या कंपनीचे अध्यक्ष, तुमच्याकडून रविवारी काम करून घेता येत नाही याची खंत वाटते, असे कर्मचाऱ्यांना म्हणाले तेव्हा देशभर गदारोळ उठला. मला मात्र पंपाचे बटण आठवले.

असा मी विश्रांतीचा पंडित झालो होतो. घरी पाहुणे आले की शब्बाथवर बोलायचो. एका रविवारी मेहुणे आले होते. ओटीवर पाय पसरून मी त्यांना ती आज्ञेतली यादी ऐकवीत होतो. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, परका. आतून पाट्यावर मसाला वाटल्याचा आवाज येत होता. तो थांबला आणि आमच्या सौभाग्यवती दारात आल्या. हात मसाल्याने लाल.

''यादी पुन्हा सांगा बघू.''

मी सांगितली.

''यात बायको कुठंय?''

मी पुस्तक उघडले. दोन्ही ठिकाणी पाहिले. बायको नव्हती.

मेहुणे हसले, मीही हसलो. ती हसली नाही. नंतर मी एका विद्वान फादरांना विचारले. ते म्हणाले, आज्ञा ज्याला उद्देशून आहे त्या 'तू'मध्ये नवरा-बायको दोघेही धरायचे. म्हणजे तीही मालकीणच. मी हे उत्तर मोठ्या आनंदाने घरी आणले. ती म्हणाली, ''चांगलं आहे. मग मालकांनीही चुलीपाशी यावं.''

ख्रिस्ती घरातला रविवार म्हणजे काय, हे मी त्या दिवसापर्यंत पाहिलेच नव्हते. चर्चहून आल्या आल्या कोंबडी किंवा मटण, तांदळाच्या भाकरी, दुपारी उशिरापर्यंत चाललेली जेवणे, त्यानंतरची भांडी, संध्याकाळी येणाऱ्यांचा चहा. आठवड्यातला सर्वांत कष्टाचा दिवस तिचा तोच होता, आणि वर्षानुवर्षे आमच्या आईचाही तोच होता. वडील बैलाची मान चोळायचे. आईची मान त्यांनी कधी चोळली असेल, असे मला आठवत नाही. मार्था आणि मरिया या दोन बहिणींच्या घरी येशू जातो ती गोष्ट चर्चमध्ये वाचली जाते तेव्हा कामात बुडालेल्या मार्थेला सौम्य बोल लागतात आणि पायाशी बसून ऐकणाऱ्या मरियेचे कौतुक होते. बायका ती गोष्ट ऐकून एकमेकींकडे पाहतात. स्वयंपाक कोणी केला असता, हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसतो.

यादीतला दुसरा गाळलेला माणूस मला त्याहून उशिरा दिसला. आमच्या वाडीत दोन आदिवासी गडी होते. वडील शनिवारी संध्याकाळी त्यांची आठवड्याची मजुरी चुकती करीत आणि रविवारी त्यांना बोलावीत नसत. आम्ही याला सुटी म्हणत होतो. त्यातला एक जण रविवारी कुठे जातो, ते मला माझ्या चाळिशीत, वडील गेल्यानंतर, त्याच्याच मुलाने बोलता बोलता सांगितले. तो वीटभट्टीवर जात असे. मजुरी रोजाची, रोज बुडाला तर चूल बुडाली. आमच्या पवित्र दिवशी आमचा माणूस विटा पाडीत होता.

वडील चांगले होते. त्यांनी पंप बंद ठेवला, सम्राटाची सूट नाकारली. पण बिनपगारी सुटी ही सुटी नसून उपास आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि मीही सांगितले नसते, कारण मला ते दिसतच नव्हते. अनुवादाच्या पुस्तकात त्या आज्ञेला मिसरातल्या विटांची आठवण का जोडली आहे, हे मला मिसरात नाही, वसईत कळले. पुढे १९४८च्या कारखाना कायद्याने कामगाराची आठवड्याची सुटी पक्की केली, हे खरे. पण तो कायदा कारखान्यापुरता होता. वाडी, घरकाम यांच्या वेशीपाशी तो थबकत असे. आणि आता तर माझ्या रविवारच्या आरामासाठी पाठीवर पेटी घेऊन कोणीतरी पोरगा दुचाकी पळवीत असतो, रेल्वेच्या जंबो ब्लॉकमध्ये भर उन्हात कोणीतरी रूळ बदलीत असतो. सगळेच एका दिवशी थांबू शकत नाहीत हे मलाही समजते. इस्पितळ बंद ठेवता येत नाही. येशूनेही शब्बाथला अठरा वर्षे वाकलेल्या बाईला बरे केलेच, आणि टीकाकारांना विचारले की तुम्ही या दिवशी आपला बैल दावणीतून सोडून पाण्यावर नेत नाही का? आमच्या लहानपणी एका रविवारी मिस्सा चालू असताना शेजाऱ्यांचे वासरू बावखलात पडले आणि निम्मे पुरुष उठून गेले. प्रवचन त्या दिवशी आखूड झाले, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण निकड आणि चंगळ यांतला भेद आपल्याला कळतो. रविवारी संध्याकाळी दहा मिनिटांत मागवलेले आइस्क्रीम हे बावखलात पडलेले वासरू नव्हे.

मी फार काही केलेले नाही. २०१६मध्ये निवृत्त झालो. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंना रविवारची पगारी सुटी आहे. हे सांगायलाही संकोच वाटतो, कारण त्या आणखी तीन घरी जातात आणि तिथे ती नाही. शनिवारी संध्याकाळी मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवतो. मुले हसतात, पण अडचण असली तर शेजारी फोन करून निरोप देतात. शनिवारी आम्ही दोघे मिळून दुप्पट स्वयंपाक करतो आणि रविवारी तोच खातो. पाहुण्यांना शिळे वाढल्याबद्दल पहिली दोन वर्षे नातेवाइकांत चर्चा झाली. आता त्यांनी सोडून दिले आहे. काही जणी मात्र कृती विचारून गेल्या. पदार्थाची नव्हे, नवऱ्याला स्वयंपाकघरात आणण्याची.

गेल्या रविवारी शनिवारचे वरण फार घट्ट झाले होते. मी ते गॅसवर ठेवले, पाणी घातले, ते जास्त झाले. मीठ कुठल्या डब्यात आहे ते सापडेना. विचारावे म्हणून बाहेर आलो. अकरा वाजले असावेत. ती झोपाळ्यावर पडली होती, चष्मा छातीवर, वर्तमानपत्राची पुरवणी जमिनीवर घसरलेली. विहिरीवरचा पंप बंद होता आणि वाडीत कसलाही आवाज नव्हता. मी पुन्हा आत गेलो आणि एकेक डबा उघडून पाहू लागलो.